एक ताट, एक डबा

सव्वीस वर्षं मी शिकवत आलो
की ‘सायंतारक’ म्हणजे वामन केशव उकिडवे,
जन्म हर्णैचा, मृत्यू पुण्यात, वय एकतीस,
अविवाहित.
फळ्यावर ‘अविवाहित’खाली
दोन रेघा ओढायचो.
तिथून सगळी कविता उलगडते म्हणायचो:
जी आलीच नाही तिची वाट,
‘तू आलीस अन् दिवा थरकला’ ही अर्थातच कल्पना.
पोरं लिहून घ्यायची. पाच गुणांना पुरायचं.

यंदा घैसासांकडे गेलो, नारायण पेठेत.
आजोबांची खानावळ होती; आता झेरॉक्स, लॅमिनेशन.
एक ते चार बंद, म्हणून चारला.
त्यांनी माळ्यावरून चोपडी काढली,
धूळ माझ्या दिशेने झटकली.
“हे घ्या तुमचे कवी. पान चाळीस. हात धुतलेत ना?”

उकिडवे वा. के., सन सत्तावीस.
चैत्रापर्यंत एक ताट, दोन वेळ.
वैशाखापासून एक ताट, एक डबा.
डबा बिनतिखट. कधी नुसती पेज.
समासात बारीक अक्षर:
नरसय्या, छापखान्यातला, खिळे जुळवणारा,
पंगतीत घेत नाही, सबब डबा.
कार्तिक वद्य अष्टमीपर्यंत.
मग पुन्हा एक ताट.
मग तेही एकच वेळ.

“बाकी आहे,” घैसास म्हणाले, “दोन रुपये सात आणे.
तुम्ही त्यांचे कोण?”
मी दहाची नोट ठेवली.
त्यांनी सात रुपये मोजून परत दिले.
वरचे छप्पन पैसे, व्याज.

रात्री संग्रह उघडला.
‘ओठ तुझे पोळले कशाने’
इथे मी चुंबन शिकवलं,
मान खाली घालून, भरभर.
आता तोंड आलेला एक माणूस दिसतो,
शिशाने काळी झालेली बोटं, हिरड्यांवर निळी रेघ,
आणि शेजारी कुणीतरी पेज निववत बसलंय.
‘फुंकर’ हा शब्द संग्रहात नऊदा येतो.
मी तो वारा धरला होता.

हस्तलिखित ग्रंथालयात आहे, कुणी मागत नाही.
मी मागितलं.
एकाच शाईत, खाडाखोड नाही,
‘तू आलास’.
बोटांवर मात्रा मोजल्या. पाच आणि पाच.
वृत्ताने चहाडी केली नाही.

पुस्तकात ‘आलीस’ कुणी केलं?
खिळे कुणी जुळवले ते आता ठाऊक आहे.
काना आणि दीर्घ वेलांटी, शेजारचे खण;
तापात हात चुकला असेल.
किंवा नसेलही चुकला.
आपलीच ओळ हातात आली, उलटी,
आरशातल्यासारखी, ती त्याने वाचली,
आणि स्वतःला उचलून बाहेर ठेवलं,
पंगतीतून ठेवतात तसं.

पुस्तक दिवाळीत निघालं. शेवटी शुद्धिपत्र आहे,
अकरा चुका. ही त्यात नाही.

येताना झेड ब्रिजवर थांबलो.
गाड्यांवर जोड्या, रस्त्याकडे पाठ करून.
खाली मुठा, जेवढी आहे तेवढी.
ओळ दोन्ही तऱ्हांनी पुटपुटून पाहिली.
एक मुलगी वळली, “काका, काही हवंय का?”
“नाही,” म्हटलं, “मात्रा मोजतोय.”
उद्या साडेसातचा तास आहे.