दोन इंच

घरासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला
तेव्हा तो फूटभर वर आला.
आम्ही होतो तिथेच राहिलो.
फाटकातून निघताना आर्माडाचं पोट
दर सकाळी घासायचं
आणि बाबा आतून ओरडायचे, जणू त्यांचंच.

म्हणून मे महिन्यात, कामठी रोडला,
पुलाच्या सावलीत नारनवरे मिस्त्रींचं गॅरेज.
टेप घेऊन ते चारी चाकांपाशी उकिडवे बसले,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत.
आकडे खडूने फरशीवर.
उजवीकडचा पुढचा त्यांनी पुन्हा मोजला.
"ड्रायव्हरकडून पाऊण इंच जास्त बसली जी.
एकटेच हिंडत होते का तुमी?"

बाबा कूलरसमोर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा हिरवा चष्मा.
"एकटाच. सव्वीस वर्षं.
बोअरचे पंप काढायला कोणाला सोबत नेतो माणूस?"
कुही, मांढळ, भिवापूर.
मागे पाइप, दोरखंड, कोणाची तरी जळालेली मोटर,
डावीकडच्या सीटवर जेवणाचा डबा.
त्या सीटवर मी किती वेळा बसले
ते बोटांवर मोजता येईल, एका हाताच्या.

यू-बोल्ट निघेनात.
रात्रभर डिझेल पाजलं, तरी नाही.
शेवटी गॅसने कापले.
सुटलेले पाटे फरशीवर ठेवले तर डुलेनात,
नुसते पडून राहिले.
कमान कधीच गेली होती त्यांच्यातली;
प्रत्येकावर फक्त वरच्याने घासलेली चकचकीत खूण.

मी विचारलं, चार इंच नाही का उचलता येणार?
"येते नं. मंग वळणावर डोलन,
शाफ्टचा कोन बिघडन,
अन् बाबूजी चढतीन कसे?"

तर दोनच.
एक नवा पाटा मधे, शॅकल जरा लांब,
शॉकअप निळे, उगाच झगझगीत.
पाना उन्हात राहिला होता, प्रज्वलने उचलला आणि
आईची आठवण काढत टाकून दिला.
ब्रेकची नळी तोकडी पडली.
ते बाबांनी पाहिलं, एका डोळ्याने, खुर्चीतूनच:
"ती ताणली बघ. उतारावर तुटेल."
मिस्त्री वाकून बघत राहिले थोडा वेळ.
मग काही न बोलता
प्रज्वलला पार्टवाल्याकडे पिटाळलं.

नवी नळी लागली. आता हवा काढायची.
मला आत बसवलं.
मॅटवर टाचेपाशी एक खळगा होता,
माझी टाच त्यात हरवली.
"दाब."
दाबलं.
"धर."
धरलं.
"सोड म्हटल्याशिवाय सोडू नको."
हे गाडीखालून नव्हतं. खुर्चीतून होतं.

सहा वाजता चाकं जमिनीला लागली.
पुन्हा टेप. उजवं, डावं, सारखं.
गाडी इतकी सरळ उभी
की क्षणभर दुसऱ्याच कोणाची वाटली.
बाबा सवयीने उजव्या दाराशी गेले,
पाय उचलला, टेकला, पुन्हा उचलला,
आणि हळूच वळसा घालून डावीकडे आले.
मिस्त्रींनी ग्रीसचा रिकामा डबा पालथा घातला.
त्यावर पाय देऊन ते चढले.
डबा आम्हीच घेतला.
बिलात खाली लिहिला होता: पायरी, चाळीस रुपये.

अंधार पडल्यावर दिवे लावले
तर उजेड रस्त्यावर पडेचना.
नाक वर झालेलं. उजेड थेट पुलाच्या पोटात,
मग कडुनिंबात, मग तिसऱ्या मजल्यावर
वाळत घातलेल्या कोणाच्या तरी चादरीवर.
समोरचे सगळे डिपर मारत होते.
"उद्या स्क्रू फिरवून खाली घेते," मी म्हणाले.
बाबा काचेला कपाळ लावून वर बघत होते.
"इथं बगळे बसतात काय गं?
केवढे आहेत."

फाटकापाशी त्यांनी श्वास धरला.
मीही.
काही घासलं नाही.
इंजिन बंद करूनही आम्ही तसेच बसलो.
त्यांना उतरायला डबा हवा होता
आणि तो घरंगळत मागच्या सीटखाली गेला होता.