अनुभव

ओकलंडला, परवानावाल्या गांजाच्या गोदामात
एझेकिएल प्रूट आला
नाक मुठीत धरून.
त्यांना तर हवं होतं नेमकं नाकच.

पोरीनं तीन बरण्या सरकवल्या.
पहिलीतली कळी घेऊन त्यानं देठ वाकवला;
काटकन मोडला नाही.
"आत ओल आहे. बुरशी धरेल."
दुसरी नुसती हुंगली. "गवत! घाईत वाळवलीय."
तिसरीवर भिंग धरलं, बराच वेळ.
केसाएवढ्या दांड्यांवर थेंब दुधाळ,
एखाददुसराच मधाळ.
"ही वेळेवर कापलीय. कुणी?"

ती हसली, अर्जाकडे वळली.
अनुभव किती वर्षं?

बावीस, तो म्हणाला.
मग तिच्याच पेननं
त्यातली सहा बाजूला मांडली,
याच झाडापायी आत काढलेली,
आणि विचारलं,
ही कुठल्या रकान्यात?