दोन किलोमीटरच्या आत

विकलोच्या नकाशावर डेर्व्हलानं
कंपासनं वर्तुळ काढलं.
डोंगराचा माथा
तीनशे पावलं बाहेर राहिला.

रोज पहाटे
पीटच्या काळ्या चिखलात घोट्यापर्यंत रुतत ती धावते,
फाटकाला हात लावते, भोज्याला शिवावं तसा,
आणि फिरते.
मेंढ्या मात्र खुशाल पलीकडे,
पाठीवर निळा रंग, परवाना कसला नाही.

आज माथ्यावर कुणीतरी.
खांद्याच्या झुकावावरून ओळखलं: फिअक्रा.
पलीकडच्या गावातल्या त्याच्या वर्तुळाचा काठ.
मागच्या शर्यतीत उतारावर
कोपर मारून पुढे गेलेला.
वर्षभर जपलेली शिवी
तोंडाशी आली

आणि ती ओरडली,
"आई कशी आहे रे तुझी?"

वाऱ्यानं अर्धंच उत्तर आणलं.
"...खिडकीतून..." एवढं.

मनगटावर घड्याळ धावत राहिलं.