दहा मिनिटं

पाणी खदखदायला लागलं की घड्याळ बघायचं, आधी नाही,
हर्षालीनं फ्रिजवर लिहून ठेवलंय.
मी तीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
टाक्या धुतल्या. मला शिकवते.

चार बाटल्या, चार निपलं,
एक झाकण कुठंतरी ओट्यामागं.
आट्यांत अडकलेली आंबूस साय
नखानं निघत नाही, ब्रश तिरका धरावा लागतो.

टाकीत उतरायचो तेव्हा कमरेला दोर असायचा.
वर सदू म्हात्रे,
दर दोन मिनिटांनी वाकून:
'आहेस ना रे?'
आहे.

घणसोलीत रात्री तीनला
समोरच्या इमारतीत अजून एक स्वयंपाकघर उजेडात.
तिथंही कुणीतरी पाठमोरं उभं.
पातेल्यात बाटल्या एकमेकींवर आपटतात,
माझा चष्मा धुरकटतो.
चिमट्यानं एकेक उचलून फडक्यावर पालथी.
पुसायची नाही. तेही लिहिलंय.

आत काहीतरी कुरकुरतं, मग गप्प.
फारच गप्प.
हर्षालीची झोप मोडू नये म्हणून
दारातूनच, हळू:
'आहेस ना गं?'

एक पाय हलतो, दुपट्याबाहेर.

परत येतो तर निपल माझ्या बोटांत,
उघड्या, कोरड्या बोटांत.
पुन्हा पातेलं.
पुन्हा दहा.