सतरा कबुतरं

बफेलोत, पोलिश बेकरीच्या तळघरात
आमचं त्रैमासिक निघायचं.
वर पाव भाजले जात, खाली आम्ही पिना मारायचो;
अंकाला यीस्टचा वास यायचा.
आत मजकूर असा, की फोन फुकट कसा करावा,
कुठल्या बँकेचं कुलूप किती खोटं आहे.
मुखपृष्ठ मात्र लोरेटाचं.

त्या हिवाळ्यातलं चित्र:
रस्त्यावरचा टेलिफोन, गुडघाभर बर्फात.
मागे कोर्ट. कोर्टाच्या घड्याळात साडेदहा,
म्हणजे दहा-तीस, म्हणजे
डेस्मंडला लावलेलं कलम.
तारेवर कबुतरं सतरा.
खटला उभा न राहता सतरा महिने.
रिसीव्हर लोंबतोय. कुणी उचलला, ठेवला नाही.

मग पत्रं आली.
टल्साच्या एकाला बर्फाच्या रेघांत
लष्करी तळाचा नकाशा सापडला.
डुलुथच्या निवृत्त लाइनमननं लिहिलं:
तिसरं कबूतर पाठमोरं आहे,
तुमच्यात कुणीतरी फितूर आहे.
आठवडाभर आम्ही एकमेकांच्या हातांकडे बघत
पिना मारल्या.
लोरेटा म्हणाली, अरे, चोच जमली नाही
म्हणून फिरवलं त्याला.
एरवी ती ताकास तूर लागू द्यायची नाही,
यावेळी लगेच सांगून टाकलं.

फितूर होता. ते नंतर.

सरकारी वकिलानं अंक उंच धरला,
प्लास्टिकच्या पिशवीत, पुराव्याचा नंबर लावून:
ही पाखरं कशाची खूण?
'थंडीची,' लोरेटा म्हणाली.
न्यायाधीशांनी चष्मा पुसला.

डेस्मंड सुटला तेव्हा तळ्यावरचा बर्फ फुटत होता.
तुरुंगात त्याला अंक मिळायचे,
मुखपृष्ठ फाडून.
पिनांखाली उरायची फक्त
करवतीच्या दातांसारखी एक कड.
आता पहिल्यांदा त्यानं ते चित्र मांडीवर घेतलं,
बोटांवरची साखर पँटला पुसून.
आम्ही वाट बघत होतो तो मोजेल म्हणून.
त्यानं मोजलं नाही.
घड्याळ पाहिलं नाही, तिसरं कबूतरही नाही.
लोंबत्या रिसीव्हरवर बोट ठेवून
बराच वेळ बसला.

ते दारात आले त्या रात्री
तो फोनवर होता. पलीकडे मी.
हे तिसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

लोरेटा पेन्सिलला टोक काढत होती,
पुढच्या अंकासाठी.
मला म्हणाली, सरक जरा,
उजेड अडवतोयस.