सदर सहावे : किरकोळ

अहवाल माझ्याच अक्षरात आहे.
अक्षर बरं, म्हणून म्युनिसिपालटीनं चिकटवून घेतलं,
आणि अक्षर बरं म्हणूनच
शनिवारी जिमखान्यावर धावा लिहायला
साहेब लोक मला बोलवत.
कडुनिंबाखाली मोडकी खुर्ची, दोन पेन्सिली,
सीताबर्डीच्या तोफेवर लावलेलं घड्याळ.

त्या साली ज्वारी रुपयाला आठ शेर झाली.
इतवारीतले माग एकेक करून मुके झाले,
आणि सुतापेक्षा जड काही
कधी उचललं नव्हतं ते हात
सरकारी कामावर खडी फोडायला आले.
त्यांची हजेरी : माझंच अक्षर.
मैदानाचा रूळही दुष्काळी कामात धरला होता.
आठ माणसं ओढत.
बैलाला वैरण लागते.

जानेवारीत कामठीची पलटण खेळायला आली.
आमच्याकडचे पेंबर्टन साहेब तापानं निजलेले.
अकरावा माणूस कोण?
कप्तानानं रुळाच्या दांड्यापाशी टेकलेल्या
एका पोराकडे बोट केलं,
खरं तर बुटाचं टोक केलं.

झिंगरू हेडाऊ. वय सतरा. पायात काही नाही.

दुपारी पलटण दोन बाद नव्वद.
कप्तान हसून म्हणाला, टाकू द्या त्यालाही.
तेव्हा ओव्हर पाच चेंडूंची असायची.
पहिला चेंडू जमिनीला लागला
आणि मन बदलल्यासारखा आत वळला.
लेफ्टनंट मागं वळून
पडलेल्या यष्टीकडे बघत राहिला,
जणू ती कुणी दुसऱ्यानंच पाडली.

पाण्याच्या वेळी मी विचारलं, कसा रे वळवतोस?
"वळवत नाई जी.
तुटलं सूत सांधतो ना, तसाच पीळ देतो.
बोटायलेच सवय हाय."

सहा गडी.
एका मडमेनं त्याला संत्रं दिलं.
त्यानं ते सोललं नाही, धोतराच्या सोग्यात बांधलं,
आणि उरलेला डाव
एका हातानं गाठ सांभाळत खेळला.

मग सगळ्यांना नियम आठवला :
बदली खेळाडूनं चेंडू टाकायचा नसतो.
दोन्ही कप्तान सभ्य गृहस्थ,
तोडगाही सभ्यच निघाला.
मी लिहिलं : पेंबर्टन, सहा बळी.
साहेब त्या वेळी तीन रजयांखाली कुडकुडत होते.

संध्याकाळी दुसरी वही उघडली.
रुळावर आठांपैकी सात.
हेडाऊ झिंगरू, गैरहजर. सहा पैसे कापले.
धावा पेन्सिलीनं, हजेरी टाकानं.
हात तोच.

जूनमध्ये राणीसरकारच्या राज्याला साठ वर्षं झाली.
कचेऱ्यांवर पणत्या, किल्ल्यावर तोफा, शाळांतून बत्तासे.
मांडवात पेंबर्टन साहेबांना रुप्याचा पेला,
मोसमातल्या गोलंदाजीबद्दल.
माणूस भला. पेला हातात धरून गोंधळला.
तापात आपण काय काय करून बसलो,
असं काहीसं त्याच्या तोंडावर.
टाळ्या मीही वाजवल्या.

झिंगरूचं नाव खडीच्या यादीतून
मे महिन्यातच गळालं होतं.
कुणी म्हणे, गिरणीत लागला.
कुणी म्हणे, पटकीत गेला.
खातरजमेला इतवारी माझ्या घरून अर्धा कोस.
गेलो नाही.

वर्ष सरताना अहवाल :
दिवाबत्ती, समाधानकारक.
सार्वजनिक आरोग्य, एकंदरीत समाधानकारक.
सदर सहावे, किरकोळ :
रुळाचा दांडा, दुरुस्ती, बारा आणे.
त्याखाली मी एक ओळ घातली होती.
छापखान्यातून प्रत आली तेव्हा ती नव्हती.
मीही विचारलं नाही.

पुढल्या साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी
मारबत बघायला बुधवारीत उभा होतो.
गर्दी ओरडत होती,
रोगराई घेऊन जाऽऽ गे मारबत!
महागाई घेऊन जाऽऽ गे मारबत!
मीही तोंड उघडलं.
माझं अक्षर घेऊन जा, म्हणायचं होतं.
शेजारी आमचे हेडक्लार्क उभे.
म्हटलं,
खोकला घेऊन जा गे मारबत.