मानेजवळचं तेवढं

गोळीबार चौकातून पाचपावलीच्या फाटकाकडे निघालं
की उजव्या हाताला झिबलजी लक्षण्यांचं दुकान.
एक खुर्ची, एक बाक, समोरासमोर दोन आरसे.
त्यांच्यामध्ये बसलं की
माझ्यामागे मी, त्याच्यामागे मी,
पार शेवटचा मी हिरवट, चिंचोक्याएवढा.
कात्री त्याच्यापर्यंत पोचायला
जरा उशीर होत असावा, असं मला वाटे.

मोठ्यांना खुर्ची. आम्हाला खुर्चीच्या हातांवर आडवी फळी,
किती पोरांच्या बुडांनी घासून गुळगुळीत केलेली.
मागच्या बाकावरून बाबा सांगत,
"बारीक करा, दोन महिने जायला पाहिजे."
झिबलजी कात्री नुसतीच हवेत वाजवत म्हणत,
"दोन महिन्यानं हा फळीवर मावते का, दिगांबरभाऊ?"

मशीन मानेला लागायची तेव्हा थंड असायची.
मे महिन्यात आमच्याकडे
तेवढी एकच गोष्ट थंड.
तुरटी, कूलरचा ओला वाळा, कुणाच्या तरी दाढीचा साबण.
"हालू नको बे, कान कटन."
मी श्वाससुद्धा पोटात ठेवायचो.
मशीन मध्येच अडायची, चार केस मुळासकट ओढायची,
डोळे भरायचे, पण हात चादरीच्या आत,
पुसणार कसे.
न रडल्याचं बक्षीस शेवटी मिळे,
गुलाबी पफने मानेवर दोनदा पावडर.

मग मिलचा भोंगा वाजेना.
पहिल्या दिवशी आईचा भात करपला.
ती म्हणाली, दुपार झाली कशी समजायची आता.

बाबांनी मिलमधून एवढंच आणलं होतं:
धागे छाटायची बोटभर कात्री.
रविवारी अंगणात जुना पेपर पसरला,
माझ्या गळ्याभोवती आईचं विटकं लुगडं गुंडाळलं
आणि "दोन रुपये कशाला" असं
कोणी विचारलं नसताना म्हणाले.

वीस वर्षं लूमवर काढलेला माणूस.
किनार कशी सरळ ठेवायची हे त्यांच्या बोटांना ठाऊक.
पण डोकं म्हणजे काही थान नाही.
कानामागे ते वळतं, भोवऱ्याशी उलटं फिरतं,
मानेपाशी तर खाली घसरतच जातं.
डावीकडे जास्त झालं म्हणून उजवीकडे,
उजवीकडे जास्त म्हणून डावीकडे.
पेपरवरची बातमी केसांनी झाकून गेली.
(ताईची झालर तेवढी जमली.
झालर सरळच असते.)

सोमवारी दुकान बंद. सुटलो.
मंगळवारी दप्तर डोक्यावर घेऊन
दुकानासमोरून पळत होतो, ऊन लागतंय असं दाखवत.
"काऊन बे पोट्ट्या. इकडे ये."
दप्तर खाली आलं.
"कोणं कापले?"
मी म्हटलं, बाबानं.

त्यांनी हसायला पाहिजे होतं. नाही हसले.
फळी लावली. चादर झटकली.
बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, थांबा पाच मिनिटं.
मानेजवळ, कानामागे, फक्त तेवढंच,
इतक्या हळू की कात्रीचा आवाजही येईना.
"हात बराय तुह्या बाबाचा," म्हणाले.
"उलसंक राहिलं होतं."
पैशाचं विचारायला मी तोंड उघडलं
तर तोंडावरच पफ आपटला.

रात्री जेवताना बाबांनी पाणी घ्यायला हात लांब केला,
तो जाता जाता माझ्या मानेवर थांबला.
बोटं फिरली. बोटं त्यांनी नाकाशी नेली.
पावडर.
मग वरणात भात कालवत राहिले,
बराच वेळ, कालवून झाल्यावरही.

पुढच्या महिन्यात पुन्हा पेपर, पुन्हा लुगडं.
भोवरा आता त्यांना समजायला लागला होता,
कानामागचं वळणही.
मी खाली मान घालून वाट पाहत बसलो
त्या बोटभर कात्रीची, मागे.
ती आलीच नाही.
बाबांनी लुगडं सोडून झटकलं,
मानेजवळचं तेवढं तसंच ठेवून.

"जा," म्हणाले,
"जरा चौकातून जाऊन ये."